अप्पांनी बाटली खाली ठेवली

पळताना माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. उतरायचं नाही म्हणजे मीच उतरू द्यायची नाही. रस्त्यात बाईमाणसानं जायचं कुठं, या काळजीनं मी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी करायची. तशी मला सगळ्याचीच काळजी वाटते. कुकरची शिट्टी झाली नाही तर वाटते, आणि लवकर झाली तरी वाटते. बाटली मात्र मी न चुकता भरून न्यायची, आणि भरलेलीच परत आणायची. यावरून अप्पा आठवडाभर माझ्या मागं लागायचे. तहान लागायच्या आधी प्यायचं, तहान लागली म्हणजे उशीर झाला, हे त्यांचं बोलणं मला भाकरी थापताना सुद्धा ऐकू यायचं. म्हणूनच त्या रविवारी जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. सांगायला बसले की हात थांबतात.

अप्पा माझे कोणी लागत नाहीत. मी किनवटकडची. इस्लापूरला गाडीतून उतरून आत जंगलाकडं चालायला लागलं की आमचं गाव. आश्रमशाळेच्या वसतिगृहात आठवीपर्यंत होते, मग आई अंथरुणाला लागली आणि शाळा सुटली ती सुटलीच. काम शोधत आधी भोकर, मग नांदेड, असं करत लातूरला आले. इथं शिकवणीसाठी बाहेरगावच्या पोरी राहतात, त्यांच्या मेसमध्ये मी पोळ्या-भाकरी करते. मेसचा किराणा अप्पांच्या दुकानातून येतो. पहिल्याच वर्षी मला राहती खोली एका दिवसात सोडावी लागली. गाठोडं आणि स्टोव्ह घेऊन मी त्यांच्या दुकानासमोर उभी होते, कुठं जायचं ते माहीत नव्हतं. अप्पांनी गुळाची ढेप फोडता फोडता माझ्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही, दुकानामागची खोली उघडून दिली. भाडं किती म्हणून विचारलं तर म्हणाले, आधी झाडून घे, आत उंदीर हायत.

तेव्हापासून मी त्या खोलीत आहे. आईला फोनवर सांगते, इथं माझं बरं चाललंय, तर ती म्हणते, त्या माणसाला नमस्कार सांग. मी सांगते. अप्पा म्हणतात, "शरणार्थ सांग त्येन्ला."

ते शंकराला मानणारे, लिंगायत; त्यांच्यात नमस्काराला शरणार्थ म्हणतात. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. आमच्याकडं तसं काही नाही, आमचे देव झाडाखाली दगडात असतात, म्हणून मला आधी ते ताईत-लॉकेटासारखं वाटलं होतं. अव्वा, म्हणजे अप्पांच्या घरच्या, एकदा डाळ निवडताना बोलून गेल्या होत्या की जुनी माणसं लिंग हरवलं तर जीव ठेवत नव्हती. मी ते गोष्ट म्हणून ऐकलं आणि डाळीतला खडा काढला.

पळायला लागलो ते अप्पांच्या साखरेमुळं. दुकानातली नाही, रक्तातली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पहाटे मी मेसला जायची ती झपाझपा, कारण उशीर होईल ही काळजी. अप्पांनी एकदा मागून हाक मारली, "चालूलालीस का पळूलालीस गं?" मी म्हटलं, चालून राहिले. माझ्या बोलण्याला ते हसले आणि म्हणाले, मग मलाबी असंच चालायला शिकीव. चालण्याचं पळणं कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मैदानावर एक दाताचे डॉक्टर भेटले. ते शर्यतीत पळून आलेले होते. त्यांनी आमचा आठवडा बांधून दिला. दिवाळीनंतर नांदेडला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, तिथं तिघांनी जायचं ठरलं. नांदेड माझ्या आईला गाडीनं येण्यासारखं आहे. तिनं मला पळताना पाहिलं नाही कधी. पाण्याचा हंडा घेऊन पळताना पाहिलंय, ते वेगळं.

आठवडा असा असायचा. सोमवारी पळणं नाही, कारण अप्पांचा उपवास. डॉक्टर म्हणायचे, वा, शंकरानं बरोबर रविवारच्या दुसऱ्याच दिवशी विश्रांती ठेवली. मंगळवारी हळू, बोलत बोलत. बुधवारी मैदानावर जोरात फेऱ्या, मग दम खात चालायचं, मग परत जोरात. बुधवार मला नको वाटायचा. छाती फुटते की काय असं व्हायचं, आणि अप्पा तेवढ्यात बाटली पुढं करायचे. मी मान हलवायची. मग पुढची फेरीभर त्यांचं चालू. हिला पाणी म्हणजे इख वाटतंय, डॉक्टर, हिचे दात काढा म्हणजे तोंड तर उघडील. गुरुवारी मला मेसचा बाजार असतो म्हणून ते दोघंच जायचे. शुक्रवारी परत हळू. शनिवारी फक्त पाय मोकळे करायचे आणि जेवायचं. रविवारी लांबचं पळणं.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी अप्पा फार खुशीत होते. अंगठी बोटातून निसटून साखरेच्या पोत्यात पडली होती, त्यांनी हात घालून काढली आणि दुकानभर दाखवत सुटले. शर्टाच्या बाहीत दोन बोटं घालून मला म्हणाले, "बघ, दंड राहिला का? काडी झाली." अव्वांना ते आवडलं नव्हतं. त्यांना वाटायचं माणूस आजारी दिसतोय. मी हसले. त्या बाहीकडं तेव्हा नीट बघायला हवं होतं कुणीतरी, पण कुणाला काय माहीत.

कारण लिंग त्या दंडाला होतं. गळ्यात असलं की पळताना छातीवर आपटायचं, घामानं दोरा काचायचा, लाल वळ उठायचे. अप्पांनी मठातल्या स्वामींना विचारलं, तर स्वामी म्हणाले, अंगावर असलं म्हणजे झालं. तेव्हापासून पळायच्या दिवशी अप्पा ते धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात घालून डाव्या दंडाला बांधायचे, वरून बाही. रोज त्याच जागी, तशीच गाठ. पाणी पिताना असो की खजूर खाताना, आधी उजवा हात त्या दंडाला जायचा, डोळे एकदा मिटायचे, मगच तोंडात काही. हे इतकं सवयीचं झालं होतं की मला दिसायचंच बंद झालं होतं.

रविवारी आम्ही उजाडायच्या आत निघालो. बार्शी रोडनं, हरंगुळच्या पुढं जाऊन परत फिरायचं होतं. सोयाबीनची रास झालेली, दोन्ही बाजूला डांबरावर दाणे वाळत घातलेले, त्यांना दगडांची किनार. आम्ही दगड चुकवत पळत होतो. परत फिरायच्या जागी अप्पांनी दंडाला हात लावला, डोळे मिटले, चार घोट प्याले. हे मला पक्कं आठवतं, कारण लगेच त्यांनी माझ्या बाटलीकडं बघून कपाळाला हात लावला होता.

तिथून फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत आलो तोवर ऊन चढलं होतं. आश्विनातलं ऊन कसं असतं, सकाळीच पाठीत घुसतं. अप्पांचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. बाकड्यावर बसून त्यांनी बाटलीचं टोपण काढलं, बाटली तोंडाजवळ नेली, आणि उजवा हात डाव्या दंडाला गेला.

हात तिथंच राहिला. मग त्यांनी बाही वर केली. दंडावर फडक्याचा ओला वळ होता, फडकं नव्हतं.

अप्पांनी बाटली खाली ठेवली. टोपण शोधून, लावून, नीट ठेवली. मला वाटलं ते आता ओरडतील, धावतील. ते दंडाकडं बघत बसले. मी बाकड्याखाली बघितलं, त्यांचा शर्ट झटकला, बुटात हात घातला. बुटात कसं असेल, पण घातला. डॉक्टरांनी आधी पाणी प्या म्हणून बाटली उचलून दिली. अप्पांनी मान हलवली. आठवडाभर मी हलवायचे तशीच.

"ते अंगावर असल्याबिगर तोंडात काही घ्यायचं न्हाई," एवढंच म्हणाले, तेही डॉक्टरांना नाही, मला, जसं काही मला माहीत असायला पाहिजे.

मला अव्वांची डाळ आठवली. समोर बाकड्यावर अप्पांसाठी काढलेले खजूर होते, त्यांना मुंग्या लागायला लागल्या होत्या, आणि मी मुंग्याच बघत बसले. हा माणूस चिल्लर मोजताना पैसा इकडचा तिकडं होऊ देत नाही. गिऱ्हाइकाला सांगतो, नवस कमी करा, औषध वेळेवर घ्या. त्याच्यात हे होतं, आणि मी इतकी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते.

डॉक्टरांनी विचारलं, सकाळी साखरेची गोळी घेतली का. अप्पांनी हो म्हणून मान हलवली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळी घेऊन एवढं पळालेत, पोटात काही नाही, साखर खाली गेली तर बसल्या जागी कोसळतील. मग परत जाऊन अप्पांना समजावलं, रागावले, हात सुद्धा जोडले. शेवटी म्हणाले, माझं काम लोकांची तोंडं उघडायचं आहे, जबरदस्तीनं उघडीन.

"तुमचं राज्य दातापर्यंत, डॉक्टर," अप्पा म्हणाले. "त्याच्या खाली न्हाई."

टपरीवाला हसला. मी पण हसले असेन, आणि तेवढ्यात पाहिलं की अप्पांची बोटं थरथरत होती आणि ओठांना पांढरी कड आली होती.

स्वामींना फोन लावला. ते उदगीरकडं कार्यक्रमाला गेलेले. त्यांनी फोनवर सांगितलं, पाणी घ्या, मी निघतो, नवीन लिंग बांधतो. अप्पा म्हणाले, या, आल्यावर घेतो. उदगीरहून यायचं म्हणजे दुपार. अव्वांना कळवायचं नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं. डॉक्टरांनी घरून गाडी मागवली. गाडी येऊन करणार काय, तेही कुणाला माहीत नव्हतं. दवाखान्यात नेलं तरी तोंड हे असंच मिटलेलं.

मी उठले. परत फिरायच्या जागी होतं, इथं नाही, म्हणजे मधे कुठंतरी आहे, एवढंच मला सुचलं. डॉक्टर म्हणाले, पळू नको, गाडी येऊ दे. मी ऐकलं नाही. बाटली हातातच होती, ती तशीच घेऊन निघाले.

कसं पळाले ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी शिकवलेला श्वास, पाऊल, काही नाही. मान खाली, नजर डांबरावर. गुटख्याच्या पुड्या दिसल्या, एक चप्पल, मेलेला सरडा, आणि पांढरं काही दिसलं की काळीज उडायचं, तर ती पिशवी असायची. मनात सारखं चाललं होतं की एखाद्या ट्रकच्या टायरला चिकटून ते पार बार्शीला गेलं असेल. आणि मी हात हलवत परत जाईन, तेव्हा ते माझ्याकडं बघतील. ते बघणं मला नको होतं. माझ्या आईच्या अंथरुणाशी मी अशीच बसायचे, फक्त तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं म्हणून बसायचे.

एका सोयाबीनच्या वाळवणापुढून मी निघून सुद्धा गेले होते, तेव्हा मागून हाक आली.

"ओ बाई! पळणारी! काय हुडकूलालीस?"

वाळवणाच्या मधोमध एक म्हातारी बसली होती. कपाळाला भस्माची पट्टी, हातात दाणे परतायचं लाकूड. तिच्याजवळ एक टोपलं पालथं घातलेलं. मघाशी जाताना आम्ही तिला पाहिलं होतं, तेव्हा टोपलं सुलटं होतं. मी नुसता दंडाला हात लावून दाखवला.

म्हातारीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. पाय, बूट, टोपी. मग टोपल्याच्या कडेला धरून ते बोटभर उचललं. आत दाण्यांवर पांढरं फडकं होतं, गाठ तशीच, फक्त वेढा रिकामा. दंडावरून घसरून बाहीतून खाली आलं होतं. गाठीचा काही दोष नव्हता, दंड बारीक झाला होता.

मी खाली बसून हात पुढं केला तर तिनं लाकूड आडवं धरलं. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतोय, म्हणाली. तिनंही लावला नव्हता. फडकं दाण्यांत पडलेलं दिसलं, वाकून बघितलं तर काय आहे ते कळलं, मग वरून टोपलं घातलं आणि ज्याचं असेल तो येईल म्हणून बसून राहिली. लेकानं दोनदा घरी बोलावलं तरी उठली नाही. वाहनं अंगावरून जाऊ नयेत म्हणून दगडांची किनार तिनं आणखी पुढं सरकवली होती.

म्हणजे सापडलं होतं, आणि मला नेता येत नव्हतं. मी तिला म्हटलं, ते पाणी घेत नाहीत, आजारी आहेत. ती म्हणाली, हाव, कसं घेतील. तिला त्यात नवल वाटलं नाही, याचा मला परत धक्का बसला.

"बाप हाय का तुझा?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते. नाही म्हणायला वेळ नव्हता, आणि आता विचार करते तर नाही म्हणायचं काही कारणही नव्हतं.

तिच्या फोनवरून मी अप्पांना लावला. मला दोनच नंबर पाठ आहेत, एक गावाकडचा, एक अप्पांचा. फोन डॉक्टरांनी उचलला. मी सांगितलं, सापडलंय, पण त्यांनाच यावं लागेल. पलीकडून लगेच गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

गाडी येईपर्यंत आम्ही दोघी टोपल्याच्या दोन बाजूंना बसलो. म्हातारी दाणे परतत होती. मी रस्त्याकडं बघत होते आणि मनात नको ते सगळं येत होतं.

अप्पा उतरले ते डॉक्टरांच्या खांद्याला धरून. मघाचा माणूस नव्हता तो. घाम गार झालेला, नजर कुठंतरी पलीकडं. वाळवणाच्या कडेला त्यांनी बूट काढले, ही मला आश्चर्याची गोष्ट वाटली, की त्या अवस्थेत त्यांना बुटाची आठवण होती. म्हातारीनं टोपलं उचललं आणि तोंड दुसरीकडं केलं. अप्पा गुडघ्यावर बसले. फडकं उचलून कपाळाला लावलं. बराच वेळ तसेच होते. डॉक्टर माझ्याकडं बघून घड्याळावर बोट आपटत होते.

मग गाठ सोडून त्यांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं. खाली पडलेलं, धुवायला हवं. पाणी पाहिजे होतं. अप्पांची बाटली टपरीच्या बाकड्यावर राहिली होती. म्हातारीचा कॅन रिकामा, ती विहिरीवरून आणते म्हणून उठली. अप्पांनी हातानं तिला थांबवलं.

"हिच्याजवळ हाय," म्हणाले. "हिची बाटली भरलेलीच असती."

मी बाटली मागं घेतली. तिच्यात साधं पाणी नव्हतं, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं मीठ, साखर, लिंबू घातलेलं होतं. ते देवावर कसं घालायचं. आणि मी घालायचं, मी कोण. मी तसं म्हटलं सुद्धा, अर्धं.

"मीठ माझ्या घामातबी हायच," अप्पा म्हणाले. "घाल."

पहिलं पाणी त्यांच्या मनगटावर गेलं. मग बरोबर पडलं. लिंगावरून तळहाताच्या खोलग्यात साचलं. अप्पांनी डोळे मिटले आणि ते पाणी प्याले. तळहात परत पुढं केला. मी परत घातलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी माझ्या हातातली बाटली घेऊन सरळ त्यांच्या तोंडाला लावली आणि अप्पांनी लावू दिली. म्हातारीनं पदराची गाठ सोडून गुळाचा खडा दिला, तोही त्यांनी खाल्ला.

"लिंबू लई झालंय," थोड्या वेळानं अप्पा म्हणाले.

तेव्हा मला रडू आलं. म्हातारी म्हणाली, तुमची लेक लई पळत आली. अप्पांनी लिंग फडक्यात घालून आता गळ्यात बांधलं, दोन गाठी मारल्या, आणि म्हणाले, हाव, ती पळतीच. मग तळाशी थोडं पाणी उरलेली बाटली माझ्याकडं करून म्हणाले, आता तू पी. मी सगळी संपवली.

मंगळवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी विचारलं, सापडलं नसतं तर? अप्पा गूळ तोलत होते. काटा स्थिर होईपर्यंत थांबले.

"सापडलं की," म्हणाले, आणि पुडी बांधली.

मला ते उत्तर पुरलं नाही. अजूनही पुरत नाही. पण ज्यानं मला एकही प्रश्न न विचारता खोली उघडून दिली होती, त्याला दुसऱ्यांदा विचारायची मला हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलायला लावली आहे. अव्वांनी गळ्यात घालायला रुंद कापडी पट्टा शिवलाय, तो काचत नाही. नांदेडची शर्यत अजून व्हायची आहे आणि आई येणार आहे.

रविवारी आता मी दोन बाटल्या भरते. एकीत मीठ, साखर, लिंबू. ती मी रस्त्यातच पिऊन टाकते, अप्पा बघतायत हे बघून. दुसरीत नुसतं साधं पाणी असतं, देवावर घालता येईल असं. ती मी उघडत नाही.